पहिल्या ट्रायथलॉनसाठी पोहण्याची रीत : प्रस्तावना

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन व्यायाम मध्ये विसावा न घेता एकापाठोपाठ एक करावयाचे, अशी अट असलेली ट्रायथलॉन नावाची स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या मिशन बे या खाडीकाठी प्रथम भरली, तेव्हा तीत उतरलेल्या सेहेचाळीस स्पर्धकांनी पोहण्याचा भाग उत्तरार्धात आणि तोही तुकड्यातुकड्यांनी पार पाडला होता. पुढे १९७८ च्या फेब्रुवारीत हवाई बेटांपैकी ओआहू येथे पंधरा माणसांनी सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पुरी मॅरेथॉन असा अचाट संकल्प सोडला व त्यांपैकी बारा जणांनी तो तडीस नेला. त्या वेळी मात्र पोहणे आरंभी आले, आणि आरंभीच कायमचे स्थिरावले. थकल्याभागल्या माणसाला खोल पाण्यात उतरविण्यापेक्षा ताज्या दमाच्या माणसाला उतरविणे अधिक सुरक्षित, हा त्यामागचा विचार निर्विवाद होय. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, ज्या विद्येत नवशिका सर्वांत कच्चा असतो तिचीच परीक्षा त्याला सर्वांआधी, परक्या हातापायांच्या गर्दीत आणि पायांखाली तळ नसताना द्यावी लागते. सायकल बिघडली तर रस्त्याकडेला थांबता येते, धावताना पोटात कळ आली तर चालता येते; पाण्यात मात्र थांबण्याचीसुद्धा एक कला आहे, आणि ती आधी शिकून ठेवावी लागते.

म्हणूनच जे गृहस्थ किंवा ज्या भगिनी चाळिशीच्या आसपास या खेळाकडे वळतात (मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथील आयर्नमन, म्हणजे वर सांगितलेल्या हवाईच्या लांब पल्ल्याची, स्पर्धा पुरी केल्याची वार्ता पसरल्यापासून आपल्याकडे अशांची वर्दळ बरीच वाढली आहे), त्यांच्या तोंडी पहिल्याच दिवशी एक प्रश्न असतो : पोहावे कोणत्या पद्धतीने? या प्रश्नाला तलावावरील प्रशिक्षक बहुधा एका शब्दात उत्तर देतात, आणि तो शब्द ‘फ्रीस्टाइल’ हा असतो. उत्तर चूक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या माणसाला विचारले त्याचे वय, त्याचा श्वास, त्याचे गुडघे आणि त्याच्या हाती उरलेले महिने यांपैकी कशाचीही चौकशी न करता दिलेले ते उत्तर आहे, आणि ही पुस्तिका त्या राहून गेलेल्या चौकशीसाठी लिहिली आहे.

प्रथम नियमांचे दप्तर पाहू. ज्या जागतिक संघटनेच्या देखरेखीखाली हा खेळ चालतो, तिच्या नियमावलीत कोणत्याही पद्धतीने पोहण्याची मुभा स्पर्धकाला आहे. इतकेच नव्हे, तर एका जागी तरंगत राहण्याची, पाय टेकत असल्यास तळावर उभे राहण्याची आणि दम घेण्यासाठी बोया किंवा थांबलेली होडी धरण्याचीही परवानगी आहे, मात्र त्या आधाराने पुढे सरकता कामा नये. मदत हवी असल्यास हात उंच करून हाक द्यावयाची. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले तेव्हापासून सर्वपरिचित झालेले अंतर म्हणजे १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. नवशिक्यासाठी याच्या बरोबर निम्म्याची, म्हणजे ७५०, २० आणि ५ अशी स्प्रिंट स्पर्धा असते. या निम्म्या स्पर्धेत छातीवर पोहा, कुशीवर पोहा, पाठीवर पोहा, पंचांकडून हरकत येण्याचे कारण नाही. आणि तरीही ब्रेस्टस्ट्रोकने पोहणारा मनुष्य पाण्याबाहेर येताना काहीसा ओशाळलेला दिसतो, यासारखी अकारण लाज मी दुसऱ्या खेळात क्वचितच पाहिली आहे.

ही लाज किती नवी आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात सभ्य मनुष्याचे पोहणे म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकच होते : मस्तक पाण्याबाहेर, पृष्ठभाग शांत, हातपाय पाण्याखाली. १८४४ साली उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे जमातीचे दोन पुरुष लंडनच्या हाय हॉलबर्न येथील स्नानगृहात शर्यत पोहले, आणि त्यांनी दोन्ही हात आळीपाळीने हवेतून फेकीत, पायांनी पाणी झोडीत जी गती दाखविली तिने प्रेक्षक थक्क झाले. परंतु पाणी उडविणारी ती रीत युरोपियन शिष्टाचारात बसणारी नाही, असा शेरा मारून इंग्रजांनी पुढची कित्येक वर्षे आपला ब्रेस्टस्ट्रोकच चालू ठेवला. १८७५ च्या ऑगस्टात कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी इंग्लिश खाडी प्रथम पार केली, तीही ब्रेस्टस्ट्रोकने, पावणेबावीस तास पाण्यात राहून. दरम्यान जॉन ट्रजन या पोहणाऱ्याने दक्षिण अमेरिकेत पाहिलेली हातांची हवेतील फेक १८७३ मध्ये लंडनच्या तलावात आणली होती, पण पायांची कात्री मात्र त्याने जुनीच ठेवली. आणि पायांची उभी, अखंड हालचाल तर पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवरून सिडनीस आलेल्या ॲलिक विकहॅम नावाच्या मुलाच्या अंगवळणी असलेली पाहून ऑस्ट्रेलियन पोहणाऱ्यांनी शतकाच्या वळणावर उचलली. हातांची ती फेक आणि पायांची ही हालचाल मिळून जी रीत झाली तीच क्रॉल, म्हणजे प्रशिक्षकांची ‘फ्रीस्टाइल’. अशा रीतीने ज्यांना पोहणे शिकविण्याचा अधिकार आपला आहे असे साहेबाला वाटत होते, त्यांच्याकडूनच त्याला ते शिकावे लागले. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीने याच क्रॉलने इंग्लिश खाडी सुमारे साडेचौदा तासांत ओलांडून तोवरच्या सर्व पुरुषांचे उच्चांक मागे टाकले, तेव्हा लांब पल्ल्यालाही ही पद्धत झेपते हा वाद मिटला. म्हणजे क्रॉलचे निर्विवाद राज्य अवघे शंभर वर्षांचे. आणि ते प्रस्थापित केले ते बालपणापासून पाण्यात वाढलेल्यांनी, हे नवशिक्याने विसरू नये.

क्रॉल वेगवान का, याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट घन असून, त्यातून जाणाऱ्या देहाचा वेग दुप्पट करावयाचा तर होणारा विरोध साधारणतः चौपट होतो. त्यामुळे पाण्यात बळ वाढविण्यापेक्षा विरोध घटविणे नेहमीच किफायतीचे ठरते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पुन्हा पुढे आणावयाचे ते पाण्यातूनच, आणि लाथ मारण्यासाठी गुडघे पोटाकडे ओढले की मांड्या पाण्याला आडव्या येतात. परिणामी प्रत्येक आवर्तनात देह एकदा झेपावतो आणि एकदा जवळजवळ थबकतो. क्रॉलमध्ये एक हात हवेतून निर्वेध पुढे येत असताना दुसरा पाणी मागे सारीत असतो, म्हणून गती अखंड राहते, आणि ती प्रामुख्याने हातांच्या व पाठीच्या स्नायूंतून उत्पन्न होत असल्यामुळे पाय पुढील सायकलीसाठी राखून ठेवता येतात. हा सर्व युक्तिवाद बिनतोड आहे. प्रशिक्षक तो सांगतात. आणि तो ऐकून घेऊन मनुष्य पाण्यात उतरला की तिसऱ्या मिनिटाला धापा टाकीत भिंत धरतो.

याचे कारण बहुतेकांना हातापायांत सापडेल असे वाटते, आणि ते असते श्वासात. जमिनीवर आपण श्वास कधी घ्यावा हे कोणाला विचारीत नाही. क्रॉलमध्ये मात्र चेहरा पाण्यात, आणि हवा मिळणार ती मान वळविण्याच्या निमिषमात्र अवधीत, त्यामुळे श्वासाचे सगळे वेळापत्रकच हाताच्या हुकमतीखाली जाते. नवशिका काय करतो? तो चेहरा पाण्यात घालताच श्वास कोंडून धरतो, आणि तोंड बाहेर आल्यावर त्या एका क्षणात आधी जुना सोडून मग नवा घेण्याची धडपड करतो, जी अर्थातच अपुरी पडते. छातीत साचत जाणारा कर्बवायूच मेंदूला ‘गुदमरतो आहे’ अशी वर्दी देत असतो. प्राणवायू पुरेसा शिल्लक असूनही ही वर्दी थांबत नाही, कारण तिचा संबंध मुख्यतः कोंडलेल्या वायूशी असतो. मग घाबरा जीव श्वासासाठी डोके उचलतो, आणि डोके वर गेले की तराजूच्या दुसऱ्या पारड्याप्रमाणे पाय खाली जातात. पाय बुडाले की विरोध वाढतो, विरोध वाढला की दम लागतो, आणि दम लागला की डोके आणखी उचलले जाते. या फेऱ्यातून सुटका हात जोराने मारल्याने होत नाही. ती होते ती चेहरा पाण्यात असतानाच नाकातोंडाने सावकाश, अखंड उच्छ्वास सोडण्याच्या सवयीने, आणि ही सवय काहींना आठवड्यात लागते, काहींना वर्ष लागते; त्यात बुद्धीचा किंवा धैर्याचा काही संबंध दिसत नाही.

ज्याला ती अजून लागलेली नाही आणि स्पर्धा मात्र दोन महिन्यांवर आली आहे, त्याने काय करावे? येथे थोडा हिशेब मांडला पाहिजे. कामचलाऊ क्रॉल करणारा नवशिका शंभर मीटरांना अडीच मिनिटे घेतो असे धरू, म्हणजे ७५० मीटरांना त्याची पावणेएकोणीस मिनिटे जातील. स्वस्थ ब्रेस्टस्ट्रोक करणाऱ्याला शंभर मीटरांस सव्वातीन मिनिटे लागली तर त्याची साडेचोवीसच्या आत जातील. तफावत साडेपाच मिनिटांची. आता ताशी पंचवीस किलोमीटरांनी २० किलोमीटर सायकल म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, आणि त्यानंतरची ५ किलोमीटरांची धाव अर्ध्या तासाच्या पुढे. या सव्वा तासाहून अधिक अवधीत जो मनुष्य पाण्यातून गलितगात्र होऊन निघाला आहे, तो ती साडेपाच मिनिटे सहज घालवून बसतो. तेव्हा स्प्रिंट स्पर्धेपुरते बोलावयाचे तर ब्रेस्टस्ट्रोकने होणारे नुकसान क्षुल्लक आहे, आणि घाबऱ्या क्रॉलने होणारे नुकसान फार मोठे असू शकते. लांबच्या स्पर्धांत मात्र हे गणित पालटते. २०१९ पासून गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर जी आयर्नमन ७०.३ स्पर्धा भरू लागली, तिच्यासारख्या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहण्यास ७० मिनिटांची मुदत असते, म्हणजे शंभर मीटरांस जेमतेम तीन मिनिटे एकेचाळीस सेकंद. आमचा सव्वातीन मिनिटांचा ब्रेस्टस्ट्रोकवाला कागदावर बासष्ट मिनिटांत पोहोचतो खरा, पण लाट, प्रवाह आणि वाट चुकून वाढलेले अंतर यांची वजावट केली की त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. सबब पहिली स्पर्धा हवी त्या रीतीने पोहावी, दुसरीच्या आत क्रॉल शिकून घ्यावा, असे माझे मत आहे, आणि पुढील प्रकरणांची मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

ब्रेस्टस्ट्रोकची इतकी वकिली केल्यावर त्याच्यावरील आरोपांचीही दखल घेणे न्याय्य होईल. पायांचे बळ त्यात अधिक खर्ची पडते हे खरे. ७५० मीटरांच्या माफक पोहण्यात या खर्चाचा जितका बाऊ केला जातो तितका तो नसतो, पण १९०० मीटरांनंतर सायकलीवर चढताना मांड्या त्याची साक्ष देतात. याहून गंभीर गोष्ट गुडघ्यांची. या पद्धतीच्या लाथेत पाऊल बाहेर वळवून पाणी मागे ढकलावे लागते, आणि तो ताण गुडघ्याच्या आतील बाजूच्या अस्थिबंधावर येतो. ज्याचा गुडघा धावण्याने आधीच कुरकुरत असेल, त्याने हजारो लाथांचा सराव करण्यापूर्वी विचार करावा. तिसरा आरोप शेजाऱ्यांचा. बाजूला फाकणारी लाथ मागून येणाऱ्याच्या बरगडीत किंवा गॉगलवर बसते, आणि तो इसम तुमची पद्धत कोणत्या कारणाने निवडली आहे हे ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. ब्रेस्टस्ट्रोकवाल्याने आरंभी मागच्या रांगेत आणि कडेला उभे राहावे; त्याचे जाणारे अर्धे मिनिट त्याला शांत पाणी मिळवून देते. याच्या उलट या पद्धतीचा एक गुण असा की, पोहणाऱ्याचे डोळे प्रत्येक श्वासाला समोर असतात. तलावाच्या तळाला आखलेली काळी रेघ उघड्या पाण्यात नसते, आणि क्रॉल करणाऱ्याला दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे डोळे वर काढून बोया शोधावा लागतो. ज्याला हे जमत नाही तो सुंदर क्रॉल करीत भलत्याच दिशेला जातो.

परदेशी पुस्तकांतील सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा का लागू पडत नाही, याचे आणखी एक कारण सांगितले पाहिजे. युरोपातील थंड सरोवरांत स्पर्धक निओप्रीनचा वेटसूट घालतो. तो उष्णता राखतो, आणि वर पायांना तरंगवितोही, म्हणजे नवशिक्याच्या क्रॉलमधील सर्वांत मोठी खोट ते कापडच भरून काढते. पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेच्या वर गेले की (आयर्नमन स्पर्धांत ही मर्यादा २४.५ अंश सेल्सिअस आहे) वेटसूट घालून बक्षिसाला पात्र होता येत नाही, आणि कोकण-गोव्याचा समुद्र तर ही मर्यादा सहज ओलांडतो. तेव्हा आपल्या माणसाला त्याच्या बुडत्या पायांसह पोहावे लागते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात थोडी उचल मिळते. धरणाच्या गोड्या पाण्यात तीही नाही.

उलटपक्षी आपल्याकडे एक भांडवल असे आहे की ज्याची परदेशी लेखकाला कल्पना नसते. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकलेली, काठावरून मुटका मारणारी पिढी अजून हयात आहे, आणि तिच्यातले पुष्कळ जण आज शहरांत नोकऱ्या करीत सायकली चालवीत आहेत. डोके उंच ठेवून हातावर हात टाकण्याची त्यांची रीत प्रशिक्षकाच्या मते सदोष ठरते, आणि अंतर वाढले की ती थकविते, यात शंका नाही. पण खोल, काळ्या, तळ न दिसणाऱ्या पाण्याची भीती त्यांच्या गावीही नसते. याउलट पुण्या-मुंबईच्या निळ्या, स्वच्छ तलावांत उत्तम शिकलेला मनुष्य धरणाच्या पाण्यात पहिल्यांदा उतरला म्हणजे स्वतःचा हातदेखील न दिसल्याने गर्भगळित होतो. पंचवीस मीटरांच्या तलावात ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या, आणि त्यांत एकोणतीस वेळा भिंतीला पाय लावून मिळणारी फुकटची ढकल. उघड्या पाण्यात ती ढकलही नाही आणि ती भिंतही नाही. ज्याने स्पर्धेच्या दीडपट अंतर भिंतीला स्पर्श न करता पोहून दाखविले, आणि बाहेर येताच ज्याला एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, त्याची पद्धत त्याच्यापुरती योग्य, मग तिला पुस्तकात नाव असो वा नसो. बाबराने गंगा पोहून ओलांडली तेव्हा तेहतीस हात मोजले आणि दम खाऊन तो पोहतच परतला, अशी नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. बादशहाची शैली काय होती ते त्याने लिहिले नाही, पण हात मोजण्याची त्याची खोड मात्र मी प्रत्येक नवशिक्याने उचलावी असे म्हणेन, कारण मोजणारे मन भिण्यास सवड देत नाही.

बटरफ्लायविषयी लिहिण्याची आवश्यकता नाही. पाठीवर पोहण्याचा उपयोग विसाव्यापुरता जाणावा : तोंड आकाशाकडे असल्याने श्वास मोकळा मिळतो, घाबरगुंडी उडाल्यावर अर्धे मिनिट उताणे तरंगणे हा रामबाण इलाज आहे, परंतु त्याच रीतीने शर्यत पोहू गेल्यास दिशा दिसत नाही, आणि हवेत उठणारा हात पाहून बचावाची कायाक मदतीची हाक समजून धावून येण्याचा संभव असतो.

राहता राहिली कुशीवर पोहण्याची रीत, जिला या पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण दिल्याबद्दल काही मित्रांनी मला दोष दिला आहे. शर्यतींतून ती हद्दपार झाली, तलावांवर ती कोणी शिकवीत नाही, आणि जीवरक्षकांच्या तालमीबाहेर तिचे नाव फारसे ऐकू येत नाही. खालचा हात पुढे लांबवावयाचा, वरचा छातीपासून मांडीपर्यंत ओढावयाचा, पायांची कात्री एकदा जोराने मिटावयाची, आणि मग देह सरळ करून घसरत जाऊ द्यावयाचा. चेहरा सर्वकाळ पाण्याबाहेर, श्वासावर कसलेही बंधन नाही, गुडघ्यांना पीळ नाही, लाथ पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असल्याने शेजाऱ्यासही ब्रेस्टस्ट्रोकइतका उपद्रव नाही. ट्रजनची पद्धत निघाली ती हिच्याच कात्रीवर. क्रॉल करता करता दम तुटू लागला तर एका वळणात कुशीवर येता येते आणि पंधरा-वीस हातांनी श्वास ताळ्यावर आला की पुन्हा पालथे होता येते. वेग घटतो, पण प्रगती थांबत नाही. फक्त ती दोन्ही कुशींवर शिकून ठेवली पाहिजे, कारण लाट तोंडावर येऊ नये म्हणून पाठ लाटेकडे करावी लागते, आणि बोयाला वळसा घालून परतीची वाट धरली की लाटेची बाजू बदललेली असते.